धापा तेवढ्या ताईच्या

माझी थोरली बहीण काय काम करते असं कुणी विचारलं, की आमच्या घरात सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसायला लागायचं. ती परक्या भाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेतला आवाज देते. तोही हिरॉइनचा नाही. हिरॉइनचा आवाज देणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांचे गळे म्हणे जन्मतःच गोड असतात. ताईच्या वाट्याला येतात त्या चेटकिणी, खडूस शेजारणी, म्हाताऱ्या, आगाऊ कार्टी आणि जनावरं. ती बदक झाली, घोरपड झाली, एकदा एका टूथपेस्टच्या जाहिरातीत किडलेली दाढ झाली. दाढ तिने फार झकास केली होती. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ती जाहिरात दाखवायची, आणि बायका म्हणायच्या, “अय्या, हो का? बरं, ब्लाउज कधी मिळेल?”

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. फाटलेलं, उसवलेलं, सैल, घट्ट, सगळं मी करून देते. सांगायचं एवढ्यासाठी की दुसऱ्याच्या मापात बसवायचं म्हणजे काय हे मला थोडंफार कळतं. एकदा ताईच्या कामाच्या जागी गेले आणि माझं मलाच हसू आलं. माझं माप निदान हलत तरी नाही. जिना उतरून तळघरात एक खोली, भिंतींना जाड फोम ठोकलेला, मध्ये माइक, समोर पडदा, आणि काचेपलीकडे बटणांपाशी रेकॉर्डिस्ट. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. ताई घरून निघतानाच घड्याळ-बांगड्या काढून ठेवते, सुती कपडे घालते, कारण बाकीची कापडं सळसळतात. पोट गुरगुरू नये म्हणून आत जाण्याआधी दोन बिस्किटं खाते. मग पडद्यावरचं जनावर तोंड उघडेल तेव्हा हिने उघडायचं, मिटेल तेव्हा मिटायचं, आणि काय हसायचं-रागवायचं ते तेवढ्यात उरकायचं. साठी उलटलेली बाई, पण घोरपड रागावली की हिची मान घोरपडीसारखी पुढे यायची.

सगळे संवाद झाले की शेवटी उरतात ते नुसते आवाज. धावल्यावरची धाप, दचकणं, कण्हणं, आवंढा गिळणं, रडणं. याला ते लोक रिअ‍ॅक्शन म्हणतात. ते शेवटी घेतात, कारण ओरडून-रडून घसा बसतो आणि मग दुसरं काही बोलता येत नाही. आणि संवादांपासून वेगळे भरून ठेवतात. त्या दिवशी बदकाला पळायचं होतं, तर ताई चपला काढून, सतरंजीवर जागच्या जागी धावत होती. घाम पुसत बाहेर आली तेव्हा मी म्हटलं, “एवढं कशाला? नुसतं हाहा करायचं की तोंडाने.” तर म्हणाली, “बोलताना मी पाहिजे त्या बाईचा आवाज लावते गं. पण धाप माझीच लागते, आणि रडू आलं की रडणंही माझंच. तिथे सोंग चालत नाही.”

आता आईबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमची आई शाळेत गाणं शिकवायची. आम्ही दोघी त्याच शाळेत, तिच्याच वर्गात. तिचा कान असा, की वीस मुली गात असल्या तरी बेसूर कोण ते ती पाठ करून उभी राहून सांगायची. माझा आवाज बरा होता, म्हणजे कुणाच्या कानाला खुपेल इतका वाईट नव्हता. ताईचा घोगरा. त्यात गोडवा नव्हता, खालून कुठून तरी यायचा, आणि एकदा सुटला की मोठ्याने सुटायचा. गॅदरिंगच्या आधीच्या तालमीत आईने पेटी थांबवली आणि सगळ्या मुलींसमोर ताईला म्हणाली, “तुझा आवाज सगळ्यांना खाली ओढतोय. तू गाऊ नकोस. रांगेत उभी राहा आणि नुसतं तोंड हलव.”

ताईने नुसतं तोंड हलवलं. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, शाळा संपेपर्यंत. इतकं बेमालूम हलवायची की गॅदरिंग झाल्यावर कुणाची तरी आई येऊन आमच्या आईला म्हणाली, “तुमची थोरली किती जीव ओतून गाते हो.” आई हसली. घरी येऊन हा किस्सा तिने आमच्या बाबांना सांगितला, ताईसमोर, आणि दोघं पोट धरधरून हसले. माझ्या डोक्यात त्या हसण्याने आजही तिडीक जाते. ताईच्या जात नाही. निदान ती तसं म्हणते.

आई वाईट बाई नव्हे. असती तर सोपं झालं असतं, आम्ही तोडून टाकलं असतं. ताईचं लग्न झालं, मोडलं, ती बॅग घेऊन घरी आली, तेव्हा आईने एका शब्दाने जाब विचारला नाही. तिची खोली आवरून दिली, पांघरूण बदललं, वर सांगितलं की या घरात तुला कुणी काही विचारणार नाही. पण ताईला त्या तळघरात पहिलं काम मिळालं तेव्हा म्हणाली, “हा आवाज? पैसे देऊन?” त्यानंतर तो विषयच नाही. कुणी विचारलं तर ‘ती ऑफिसात आहे’ एवढं सांगून मोकळी. ताईने केलेलं काही टीव्हीवर लागलं की आईला स्वयंपाकघरात काम निघायचं. तीस वर्षं ती बाई एकाच घरात राहून आपल्या मुलीचं बदक ऐकायला बसली नाही.

मग साळिंदरांचा सिनेमा आला. डोंगर चढून नव्या घराच्या शोधात निघालेलं साळिंदरांचं एक भलंमोठं कुटुंब आणि त्यात एक तिखट आजी, साळूआजी. ती ताई होती. तो सिनेमा असा काही चालला की पोरांनी डोक्यावर घेतला. माझी सात वर्षांची नात, तिला आम्ही मिरची म्हणतो, ती तर ताईला ताईआजी म्हणायचं सोडून साळूआजीच म्हणायला लागली. गल्लीतली मुलं ताई दिसली की ‘काटे काढू का?’ असं ओरडायची. तो साळूआजीचा ठेवणीतला दम होता. ताई तिथल्या तिथे पिशवी खाली ठेवून त्या आवाजात त्यांना झापायची आणि पोरं खिदळत पळायची.

आईवर याचा काडीचा परिणाम झाला नसता. पण तिच्या गुडघ्यांना व्यायाम द्यायला एक डॉक्टरीणबाई यायला लागल्या. आईचा त्यांच्यावर फार जीव, कारण त्या हळू बोलतात आणि शुद्ध बोलतात. त्यांना एक दिवस कळलं की चहा आणून देणारी ही बाई म्हणजे साळूआजी. त्या आईचा पाय तसाच धरून म्हणाल्या, “काय सांगता? माझी मुलगी यांचा आवाज ऐकल्याशिवाय जेवत नाही. तुम्हाला किती अभिमान वाटत असेल.” आईने दुसरा पाय पुढे केला. मात्र दुसऱ्या दिवशी जेवताना, ताटातून नजर वर न काढता म्हणाली, “त्या साळिंदराचा पुढचा भाग येणार आहे म्हणे. आला की मला ने.”

ताईने मला लगेच फोन केला. आधी मला वाटलं आईला काही झालं, कारण पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, “आई येणारे माझं ऐकायला.” साठी उलटलेल्या बाईचा तो आवाज ऐकून मला आईचा इतका राग आला की मी हातातली कात्री टेबलावर आपटली.

पुढच्या भागाचं रेकॉर्डिंग ताईने जिवाचं रान करून केलं. थंड पाणी बंद, आंबट बंद, घरात बोलणंसुद्धा बंद. आईशी खाणाखुणा करायची. त्या भागात साळूआजीचा धाकटा नातू नदीत वाहून जातो आणि आजी काठाकाठाने त्याच्यामागे धावते. ताई त्या तळघरात इतकी धावली की रेकॉर्डिस्टने काच ठोकून थांबवलं, म्हणे बाई, बसा जरा. आईला मात्र तिने आधीच बजावून ठेवलं, “आवाज माझा वाटणार नाही हं, आई. मी म्हातारीचा लावलाय. ओळखू आला तर माझं काम चुकलं म्हणायचं.” हे सांगताना तिची मान ताठ होती. तेच वाक्य नंतर आम्हाला नडलं.

सिनेमा लागला त्या पहिल्याच रविवारी आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. आई, ताई, मी आणि मिरची. ताईने सकाळीच आईच्या कानातल्या यंत्राची बॅटरी नवी घातली, कडेची खुर्ची मागून घेतली, थिएटरात गारठा असतो म्हणून आईची ठेवणीतली शाल काढली. आईने स्वतः होऊन मोत्यांची माळ मागितली. ती माळ ती फक्त शाळेच्या गॅदरिंगला घालायची. ताईने ती तिच्या गळ्यात घातली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

लिफ्टने वर गेलो. आईला बाकावर बसवलं, मिरचीला पॉपकॉर्न दिलं, आणि मी नि ताई तिकीट दाखवायला पुढे झालो, तर समोर पुठ्ठ्याची माणसाएवढी साळूआजी उभी. काठी, चष्मा, काटे, सगळं होतं. तिच्या पोटावर गोल चौकटीत एका नटीचा फोटो. नाव सांगत नाही, पण मोठी नटी, दर जाहिरातीत असते ती. खाली लिहिलेलं, ‘साळूआजी आता बोलणार तुमच्या लाडक्या आवाजात’.

मी दोनदा वाचलं. ताईने एकदाच वाचलं असावं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“लाव फोन,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता लाव.”

तिने तिच्याकडून काम करून घेणाऱ्या मॅडमना फोन लावला. मी माझा कान तिच्या कानाला भिडवून उभी. पलीकडून आवाज आला, “अगं, तुला कुणी कळवलंच नाही? मला वाटलं ऑफिसने सांगितलं. शेवटच्या क्षणी ठरलं गं, वरून आलं, नाव पाहिजे म्हणाले. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या रिअ‍ॅक्शन सगळ्याच्या सगळ्या ठेवल्यात हं. बाईंना घसा जपायचा होता, त्या म्हणाल्या धावणं-रडणं मी करणार नाही. नुसते संवाद बोलून गेल्या. धापा, रडणं, सगळं तुझंच आहे. आणि काय सुंदर आहे ते.”

ताई “बरं” म्हणाली. वर “थँक्यू” म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थँक्यू कशाबद्दल, बाई? हिने जीव काढून धावायचं आणि बोलायला दुसरी.

“घरी जाऊ,” मी म्हटलं. “आईला सांगू मशीन बिघडलं.”

ताईने वळून बाकाकडे बघितलं. आई शाल नीट करून, पर्स मांडीवर धरून, पाठ ताठ ठेवून बसली होती. मिरची तिला पॉपकॉर्न भरवत होती आणि ती चक्क खात होती.

“परत नाही येणार ती,” ताई म्हणाली. “आज आलीये.”

“मग सांग खरं काय ते.”

“काय सांगू? माझा आवाज नको म्हणाले, असं सांगू? आईला?”

आईने जे तिला शाळेत ऐकवलं, तेच आता त्या कंपनीने ऐकवलं होतं, आणि ते ताईने स्वतःच्या तोंडाने आईला जाऊन सांगायचं. ताई मिरचीजवळ गेली, खाली वाकली आणि हळूच म्हणाली, “आज आत एक गंमत होणारे. साळूआजी वेगळीच बोलेल. तू काही म्हणायचं नाहीस.”

मिरचीने विचारलं, “खोटं बोलायचं?”

“नाही गं. बोलायचंच नाही.”

आम्ही आत जाऊन बसलो. कडेला आई, मग ताई, मग मी, मग मिरची. दिवे गेले, जाहिराती झाल्या, साळिंदरांचं घर दिसलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि साळूआजी दारात येऊन बोलली. काय सांगू तुम्हाला? आवाज गोड होता. एखाद्या दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात ऐकावी तसा. ‘काटे काढू का?’ हेसुद्धा गोड. मागच्या रांगेत एक पोरगं लगेच म्हणालं, “ही ती नाहीये.” त्याच्या बापाने त्याला गप्प केलं. मिरचीने माझ्याकडे तोंड वळवलं, ते उघडलं, ताईकडे बघितलं आणि परत मिटलं.

आई ताईच्या कानाशी झुकली. तिला वाटतं आपण कुजबुजतोय, पण यंत्रामुळे ती मोठ्यानेच बोलते. “ही तूच का?”

ताईने मान हलवली. होकारार्थी. अंधारात ती हलवलेली मान मला स्पष्ट दिसली.

“हं,” आई म्हणाली आणि मागे टेकून बसली.

थोड्या वेळाने माझं ताईकडे लक्ष गेलं. तिचे ओठ हलत होते. पडद्यावर साळूआजी बोलायला लागली की ताईचे ओठ सुरू, ती थांबली की बंद. प्रत्येक वाक्य तिला पाठ होतं, ते कुठे उघडायचं, कुठे मिटायचं सगळं. मध्येच कुठे त्या नटीने शब्द बदलले होते, तिथे ताईचे ओठ अडखळायचे आणि पुढच्या वाक्याला परत गाठायचे. मला वाटत नाही तिला ते कळत होतं. मला सारखं पेटीपलीकडे उभा राहिलेला आमचा कोरस दिसत होता, तिची रांग मागची, माझी पुढची. मी तिचा हात धरला तर तो बर्फ.

मग नदी आली. तराफा उलटला, धाकटं पिल्लू पाण्यात गेलं, आणि म्हातारी काठाकाठाने धावायला लागली. तिथे एकदम आवाज बदलला. धाप सुरू झाली, आणि ती ताईची होती. खोल, घोगरी, छातीतून ओढून काढलेली. मधेच म्हातारी थांबून नातवाला हाक मारते, ती हाक त्या नटीची, गोड, जराही दम न लागलेली, आणि पुढच्या पावलाला पुन्हा ताई.

मिरचीने माझ्या कानात सांगितलं, “आजी, पळताना ताईआजी आहे. थांबली की दुसरीच येते.”

“गप,” मी म्हटलं.

पिल्लू सापडत नाही. म्हातारी वाळूत बसते आणि रडते. त्यात संवाद नव्हता, म्हणून ते सगळंच्या सगळं ताईचं होतं. ते रडणं मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. बॅग घेऊन आली त्या रात्री ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती, आणि मी दाराबाहेर टॉवेल धरून उभी होते. नळ मोठा होता, तरी ऐकू येत होतं. अगदी तसंच. थिएटरात पॉपकॉर्नचा आवाज थांबला. पुढे बसलेल्या एका माणसाने चष्मा काढून डोळे पुसले. कुठलंसं लहान मूल रडायला लागलं आणि त्याची आईच नाक ओढत त्याला समजावू लागली. मी मनात म्हटलं, आता कळेल. आता या बाईला कळल्याशिवाय राहायचं नाही, पोटची पोर आहे. मी पुढे वाकून आईकडे बघितलं.

आईने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. तिने हात वर नेला आणि कानातल्या यंत्राचा आवाज कमी केला.

ताईनेही ते बघितलं. तिने नजर परत पडद्याकडे नेली. पिल्लू एका पोकळ ओंडक्यात सापडलं, सगळे हसले, साळूआजी त्या मधाळ आवाजात नातवाला रागावली, आणि आईने पुन्हा यंत्र वाढवलं.

सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली तोच दिवे लागले आणि झाडूवाले आत आले. उठताना आईने ताईच्या खांद्याचा आधार घेतला. एरवी ती काठी घेते, कुणाला हात लावू देत नाही. लिफ्टमध्ये ती मिरचीला म्हणाली, “कशी होती माझी मुलगी?” मिरचीने ताईकडे बघितलं आणि सांगितल्याप्रमाणे काही बोलली नाही. पोरीचे डोळे भरले होते. आईला वाटलं सिनेमामुळे.

खाली टॅक्सी केली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे त्या तिघी. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा आई बोलायला लागली. शाळेत निकाल सांगायची त्या आवाजात, सावकाश.

“आज मला बरं वाटलं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं काहीतरी माकडचेष्टा असतील. पण तू गोड बोललीस. फार गोड. एक शब्द तुटला नाही, कुठे आवाज फाटला नाही. हा एवढा गळा होता तुझ्याकडे, तर लहानपणी कुठे लपवून ठेवला होतास?”

ताईने मिरचीच्या फ्रॉकवरचा पॉपकॉर्नचा दाणा उचलला.

“मी तेव्हा तुला सगळ्यांसमोर बोलले होते,” आई म्हणाली. “तुझ्या लक्षात नसेल. माझ्या आहे. आज ऐकल्यावर वाटलं, आपलं चुकलं. शिक्षकाने घाई करू नये.” आणि तिने ताईचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

पन्नास वर्षं ताई या वाक्यासाठी थांबली होती, आणि ते त्या पुठ्ठ्यावरच्या बाईला मिळालं. मला ते सहन होईना. मी मागे वळले, तोंड उघडलं, म्हणजे सगळं सांगूनच टाकणार होते, ती कंपनी, ती नटी, तो फोन, सगळं. ताईने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण मी लहान असताना रस्ता ओलांडायला निघाले की ती असं बघायची. मी तोंड मिटून पुढे बघत बसले. पुढच्या काचेतून मला काही दिसत नव्हतं, डोळे इतके भरले होते.

“फक्त एक,” आई म्हणाली. चुका काढल्याशिवाय तिचं कौतुक कधी पुरं व्हायचं नाही. “ते मधलं धावणं आणि रडणं. ते तू केलं नाहीस, मला कळलं. माझा कान अजून शाबूत आहे. कुणाकडून करून घेतलं ते?”

“होती एक बाई,” ताई म्हणाली.

“तरीच. किती भसाडं. तुझ्या एवढ्या सुंदर कामाची माती केली तिने. मला तर यंत्र बारीक करावं लागलं.” आईने शाल सारखी केली. “तुमच्या त्या मॅडमना सांग, पुढच्या वेळी त्या बाईला आवाज काढू देऊ नका. म्हणावं, नुसतं तोंड हलव.”

सिग्नल सुटला. ड्रायव्हरने गिअर टाकला. मिरची खिडकीकडे तोंड करून बसली होती.

“तिला येतं ते, आई,” ताई म्हणाली, आणि दारात अडकलेलं आईच्या शालीचं टोक सोडवायला खाली वाकली.